घाणेरी काढल्यानंतर

जेसीबीनं एका दिवसात काम उरकलं. मावळात आमचा दीड एकराचा उताराचा तुकडा आहे. त्यावर पुरुषभर उंचीची घाणेरी माजली होती. आत शिरायचं तर वाकून, फांद्या काठीनं बाजूला सारत जावं लागे आणि बाहेर येताना हातावर ओरखडे अन् कपड्यांना तो उग्र वास ठरलेला. संध्याकाळी जेसीबी परत गेला तेव्हा सगळा उतार नुकतीच हजामत केल्यासारखा दिसत होता. उपटलेली झुडपं एका कोपऱ्यात ढीग करून पेटवली. मी फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले, दोघातिघांनी अभिनंदनही केलं. मार्च महिना होता.

जूनमधल्या पहिल्या दोन जोरदार सरींत वरची माती निघाली. खालचा ओढा दोन दिवस दाट चहासारखा वाहत होता आणि तो चहा माझ्या मालकीचा होता. जुलैत गाजर गवत आलं, पाठोपाठ रानतुळस. दिवाळीपर्यंत घाणेरीही परतली. पूर्वी जिथं एक बुंधा होता तिथं आता चार-चार धुमारे होते, कारण यंत्राच्या बकेटनं मुळं उपटली कमी आणि तोडली जास्त. जिथं राख पडली होती तिथली तर विशेष तजेलदार. शेजारच्या शिवारातले आबा बांधावर तंबाखू मळत उभे होते. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही घाणेरी काढली नाहीत. तिला नांगरून दिलीत."

या वाक्याचा पुरता अर्थ उमगायला मला पुढची दोन-तीन वर्षं लागली. घाणेरी कशी काढायची, यावर पुष्कळ माहिती मिळते. काढल्यानंतर जी जमीन उघडी पडते तिचं काय करायचं, याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं आणि सगळी मेख तिथंच आहे.

आधी या बाईंची कुळकथा. घाणेरी, काही ठिकाणी टणटणी. वनस्पतिशास्त्रातलं नाव लँटाना कमारा. मूळ गाव उष्ण कटिबंधातली अमेरिका. सतराव्या शतकात डचांनी ती युरोपात नेली. तिथल्या माळ्यांनी निरनिराळ्या जातींचे संकर करून फुलांचे रंग खुलवले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झाड म्हणून दाखल झाली. म्हणजे आपल्या डोंगरांवर जी माजली आहे ती रानातून आलेली रानटी वनस्पती नव्हेच. ती बागेत वाढवलेली, लाडावलेली, कुंपणासाठी हौसेनं लावलेली संकरित वाण आहे. तिच्या एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं दिसतात, त्यालाही कारण आहे. नवं फूल पिवळं असतं, परागीभवन झालं की रंग बदलतो. किड्यांना आपोआप पाटी मिळते : इथं माल आहे, तिथलं दुकान बंद.

पुढं एका झुडपाला वर्षाकाठी बारा हजारांपर्यंत फळं धरू शकतात. बुलबुल, मैना ती खातात आणि दूरवर टाकतात. गुरं मात्र तिच्या वाटेला जात नाहीत, कारण पानांत यकृत बिघडवणारी विषारी द्रव्यं असतात. चुकून खाल्लीच तर जनावराला ऊन सोसत नाही, नाकातोंडाभोवतीची कातडी फाटते. परिणामी जितकी गुरं जास्त तितकं तिचं फावतं. तिच्या आजूबाजूचं खाण्यासारखं सगळं गुरंच फस्त करतात आणि मैदान तिला मोकळं करून देतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की भारतातलं सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगल घाणेरीनं व्यापलं आहे. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. म्हणजे निम्मा महाराष्ट्र.

तिला आवरायला माणसानं काय काय केलं त्याची एक वेगळीच बखर होईल. १९०२ साली अल्बर्ट कोबेले नावाच्या कीटकतज्ज्ञानं मेक्सिकोत जाऊन घाणेरीवर जगणारे किडे गोळा केले आणि ते हवाईला पाठवले. आपल्याकडे फड्या निवडुंगाचा कोचिनील जातीच्या किड्यानं फडशा पाडला होता, त्यामुळे हा मार्ग खुळचट नव्हता. १९४१ साली ऑस्ट्रेलियातून एक जाळीदार पंखांचा बारीक ढेकूण डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत आणला गेला. बंदिस्त जागेत चाचण्या चालू असताना तो सागाची फुलंही खातो असं आढळलं. वनखात्याच्या दृष्टीनं साग म्हणजे तिजोरी. प्रयोग थांबवला, किडे नष्ट केले. तरीही काही निसटलेच. आज तो ढेकूण देशभर घाणेरीवर सापडतो, पानं पिवळी पाडतो; पावसाळा आला की घाणेरी नवी पानं काढते आणि दोघांचाही संसार सुखानं चालू राहतो.

मग उरते कुदळ. पण कुदळ कुठं मारायची हे ठाऊक हवं. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात या प्रश्नावर काम केलं आणि २००९ साली ते प्रसिद्ध केलं. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट ऐकायला अगदी साधी आहे. घाणेरीला नवे धुमारे फुटतात ते खोड आणि मूळ यांच्या सांध्यापाशी. जमिनीवरून कोयता चालवला की सांधा शाबूत राहतो आणि झुडूप दुप्पट जोमानं उठतं. जेसीबीनं उपसलं तर सगळी जमीन ढवळली जाते, मातीत दडलेलं बी उजेडात येतं. पण दोन-तीन बोटं माती सारून, सांध्याच्या खाली मुख्य मूळ तोडलं तर खालचं मूळ पुन्हा फुटत नाही. मातीही जवळपास जागच्या जागी राहते. तोडलेला गड्डा उलटा करून ठेवायचा, मुळं आभाळाकडे. ओल्या मातीला टेकलेल्या फांद्यांना मुळं फुटतात, म्हणून ही शीर्षासनाची शिक्षा.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो. झुडपाच्या बुडाशी बसायचं. खालच्या काटेरी फांद्या आधी कोयत्यानं छाटायच्या, नाहीतर तोंड आत जात नाही. घाणेरीच्या कोवळ्या फांदीला चार कडा असतात, त्या कडांवर वाकडे काटे. जाड हातमोजे असले तरी मनगट सापडतंच. मग खुरप्यानं बुंध्याभोवतीची माती सारली की भुऱ्या सालीचं खोड संपून पिवळसर, किंचित फुगीर भाग दिसू लागतो. तिथून आडवी मुळं फुटलेली असतात. त्याच्या खाली कुदळीचं पातं तिरपं घालून एक घाव. जुनं झाड असेल तर तीन-चार. 'कट' असा कोरडा आवाज आला की समजायचं, तुटलं. एरवी मूळ वाकतं, चिवटपणे परत येतं आणि माणूस चिडून वरून ओढायला लागतो. तिथंच फसगत होते. ओढलं की सांध्याचा तुकडा मातीत राहतो. दोन माणसं सकाळच्या चार तासांत आमच्या उतारावर एका छोट्या अंगणाएवढी जागा मोकळी करतात. जेसीबीचा दिवस आठवला की हसू येतं.

आता खरा प्रश्न. अंगणाएवढी ती जागा उघडी पडली. पुढं?

इथं मला सिडनीच्या दोन बहिणी आठवतात. जोन आणि आयलीन ब्रॅडली. सिडनी बंदराच्या काठी मॉसमन नावाच्या उपनगरात त्या राहत. घराजवळच्या रानात कुत्र्यांना फिरवायला नेत. त्या रानाच्या टोकाला ब्रॅडलीज हेड म्हणतात, पण तो निव्वळ योगायोग. ते नाव अठराव्या शतकातल्या एका आरमारी अधिकाऱ्याचं. तिथलं रान निलगिरीच्या जातीच्या झाडांचं आणि त्यात घुसखोर कोण? आपली घाणेरीच. १९६०च्या दशकात या दोघींच्या ध्यानात आलं, की जिथं कामगार येऊन सरसकट सफाई करून जातात तिथं काही महिन्यांत तण आधीपेक्षा दाट होतं. उलट, त्या स्वतः फिरता फिरता चार-दोन रोपं उपटत आणि उकरलेली माती-पाचोळा पुन्हा नीट पसरून ठेवत, तिथं मूळची झाडं हळूहळू परत येत होती.

यातून त्यांनी एक पद्धत बसवली. पहिली गोष्ट, काम चांगल्या भागापासून वाईट भागाकडे न्यायचं. आपली सगळ्यांची सहजप्रवृत्ती याच्या नेमकी उलट असते : जिथं जास्तीत जास्त माजलंय तिथं आधी तुटून पडायचं. ब्रॅडली भगिनी म्हणत, जिथं देशी रान अजून धड आहे आणि तुरळक तण आहे, तिथून सुरुवात करा, म्हणजे मोकळ्या होणाऱ्या जागेत शिरायला शेजारी देशी झाडं तयारच असतात. दुसरी, जमीन कमीत कमी ढवळायची आणि ढवळलीच तर वरचा पाचोळा होता तसा परत घालायचा. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड : देशी झाडं जेवढ्या वेगानं मोकळी जागा भरतील तेवढ्याच वेगानं पुढं सरकायचं. हौस कितीही असो, घाई नाही. १९७१ साली जोननं या पद्धतीवर पुस्तिका लिहिली. पुढं न्यू साउथ वेल्सच्या नॅशनल ट्रस्टनं ही पद्धत उचलली आणि १९८८ साली, दोघी हयात नसताना, त्यांचं सविस्तर पुस्तक आलं.

या पद्धतीवर नंतर टीकाही झाली. फार सावकाश आहे, मोठ्या क्षेत्राला परवडत नाही, आणि काही देशी बियांना रुजायला थोडी खळबळ, थोडी आगही लागते, वगैरे. टीकेत तथ्य आहे. पण आबांनी बांधावरून एका वाक्यात जे सांगितलं तेच या दोघींनी दहा-पंधरा वर्षं कुत्र्यांमागून चालत शोधून काढलं होतं. घाणेरी म्हणजे उघड्या, उजेडाच्या जमिनीवर धावून येणारं झाड. दाट सावलीत ती मरगळते. तुम्ही जेवढी जमीन उघडी कराल तेवढं तिला बोलावणं धाडाल.

म्हणून पांघरूण. शेतीच्या भाषेत आच्छादन. पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. ऊस तुटल्यावर हेक्टरी आठ-दहा टन पाचट शेतात राहतं. ते पेटवायचं की सरीत दाबून ठेवायचं, यावर गावागावांत वाद होतात. नेरळजवळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्राचा गाभाही जवळचाच आहे : गादीवाफे एकदाच करायचे, नांगरट-चिखलणी बंद, आणि कापलेल्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. घाणेरीच्या बाबतीत सांध्याखालचं मूळ जमिनीत ठेवण्यात हाच फायदा मिळतो. मेलेलं मूळ कुजतं, त्याची पोकळ नळी राहते, तिच्यातून पाणी खाली जातं.

पाचोळा करतो तरी काय? सगळ्यांत आधी तो मार खातो. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला साधारण नऊ मीटर वेगानं जमिनीवर येतो, म्हणजे गल्लीतून जाणाऱ्या स्कूटरच्या वेगानं. उघड्या मातीवर तो आदळला की मातीचा कण फुटतो, बारीक गाळ बारीक छिद्रांत जाऊन बसतो आणि जमिनीवर खपली धरते. मग पुढचं पाणी मुरत नाही, वाहतं. माझा चहा असा तयार झाला होता. चार बोटं पाचोळ्यावर तोच थेंब पडला तर त्याचा जोर पानावर संपतो आणि पाणी खाली ठिबकतं.

दुसरं ऊन. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर मे महिन्यातल्या दुपारी उघड्या काळ्या-तांबड्या जमिनीचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या वर जातो. अनवाणी चालून पाहा. त्या तापमानात गांडूळ वर येत नाही, बुरशीचे तंतू टिकत नाहीत, कोवळं मूळ भाजतं. पाचोळ्याखाली तीच जमीन कितीतरी थंड राहते आणि ओल तग धरते. हिमाचल प्रदेशात तर संशोधकांनी चक्क कापलेल्या घाणेरीचंच आच्छादन वापरून पाहिलं. पावसाळ्याच्या शेवटी मक्याच्या उभ्या पिकात ती पसरली, तर जमिनीतली ओल टिकून राहून नंतरच्या कोरडवाहू गव्हाला उपयोगी पडली. शत्रूच्याच तोफा वळवून घेण्याचा हा प्रकार मला फार आवडतो.

तिसरं काम बारकाईनं बघण्यासारखं आहे, आणि माझ्या मते आच्छादनाची खरी गंमत त्यात आहे. पाचोळा ही चाळणी आहे. गाजर गवताचं बी अगदी बारीक असतं. त्याच्याजवळ शिदोरी नसते. ते पृष्ठभागावरच रुजतं आणि लगेच उजेड मिळाला नाही तर संपतं. एका झाडाला अशा पंधरा-वीस हजार बिया असतात. माजण्याचं गणितच मुळी संख्येवर चालतं. चार बोटं पाचोळा पसरला की ते सगळं गणित कोलमडतं. याउलट जांभळाची, हिरड्याची, बेहड्याची, आंब्याची बी मोठी. आत महिनाभराचं अन्न भरलेलं. तिचा कोंब अंधारातून वाट काढत वर येतो, पानं बाजूला सारतो आणि वर आल्यावरच पानं उघडतो. म्हणजे तुम्ही नुसता पाचोळा पसरता, पण निवड होते : गर्दी करून येणारे आत येत नाहीत, शिदोरी घेऊन येणारे येतात.

पण चाळणीला माणूस ओळखता येत नाही. बारीक बियांची देशी झाडंझुडपं, गवतं यांनाही ती अडवते. कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांचं बी जाड पाचोळ्याखाली गेलं की गेलंच. त्यामुळे जिथं गवत हवं तिथं आम्ही एका थरापुरतीच पानं विखरतो, माती अधूनमधून दिसेल अशी. जिथं झाडं हवीत तिथं वीतभर. ताजा थर वीतभर घातला तरी एका पावसाळ्यात बसून निम्मा होतो. रोपाच्या बुडाशी मात्र तळहाताएवढी जागा मोकळी ठेवायची. खोडाला ओला पाचोळा चिकटून राहिला की साल कुजते, आणि आमच्याकडे वाळवी तर पाहुणचाराची वाटच पाहत असते.

आता त्या उलट्या करून ठेवलेल्या घाणेरीकडे वळू. तिचंच पांघरूण करायचं म्हटलं तर दोन अडचणी. एक, हिरवी-काळी फळं. ती असतील त्या फांद्या वेगळ्या काढून पोत्यात भरायच्या. पाचोळ्यात मिसळल्या तर स्वतःच पेरणी केल्यासारखं. दुसरी, ताज्या पानांतली रसायनं. ती दुसऱ्या बियांना रुजू देत नाहीत. एक-दोन महिने उन्हापावसात पडू दिलं की तो तिखटपणा ओसरतो. फांद्या वाळल्यावर कोयत्यानं वीत-वीतभराचे तुकडे. यंत्र असेल तर भुगा करता येतो, पण आमच्या पंचक्रोशीत तसं यंत्र नाही आणि भाड्यानं आणायचं तर जमीन विकावी लागेल. म्हणून जाड फांद्या उताराला आडव्या, समपातळीत, दगडांच्या आधारानं रचतो. पाण्यासोबत येणारी माती आणि पानं त्यांच्यामागं अडकतात. दोन वर्षांत तिथं आपसूक एक बुटका ताल तयार होतो.

लाकडाचा भुगा किंवा काड्या वापरताना आणखी एक पथ्य. कृषी खात्याच्या पत्रकांत 'कर्ब-नत्र गुणोत्तर' म्हणून ज्याचा उल्लेख असतो ते हेच. जमिनीतले जिवाणू खातात ते साधारण चोवीस भाग कर्बाला एक भाग नत्र या मापानं. हिरव्या पानांत हे माप जवळपास जुळतं. लाकडात मात्र एका भाग नत्राला कर्ब शेकडो भाग असतो. असं लाकूड मातीत मिसळलं तर जिवाणू कमी पडलेलं नत्र मातीतून उचलतात आणि झाडं पिवळी पडतात. वर नुसतं पसरलं तर ही ओढाताण फक्त मातीला टेकलेल्या थरात होते, खोल मुळांना तिचा त्रास नाही. म्हणून नियम सोपा : पसरायचं, गाडायचं नाही. जंगल कधी पानं गाडत नाही.

आमच्या शेजारच्या बांधावर उंदीरमारी आहे, म्हणजे गिरिपुष्प. हीसुद्धा मध्य अमेरिकेचीच. पुण्याच्या टेकड्यांवर ती वनीकरणात लावली गेली आणि आता तिथं तिच्याखाली दुसरं फारसं काही दिसत नाही म्हणून निसर्गप्रेमी तिच्या नावानं बोटं मोडतात. तेही बरोबरच आहे. पण तिच्या पानांत नत्र भरपूर. मी तिला निर्दयपणे छाटतो आणि पानं घाणेरीच्या वाळक्या काड्यांवर टाकतो. कर्बाचा अतिरेक आणि नत्राची रेलचेल एकमेकांना सांभाळून घेतात. फुलायच्या आत छाटायचं, एवढंच लक्षात ठेवायचं, म्हणजे शेंगा धरत नाहीत.

काम कधी करावं, यावर आमच्यात अजून एकमत नाही. पावसाळ्यात माती मऊ, कुदळ लोण्यात गेल्यासारखी जाते. पण तोडलेल्या फांद्या रुजतात आणि उघडी जमीन वाहते. उन्हाळ्यात फांद्या चटकन वाळतात. पण मुरूम लोखंडासारखा होतो आणि माणसं कामाला येत नाहीत. सध्या आम्ही दसऱ्यानंतरचे चार-पाच आठवडे धरतो. माती अजून ओली असते, पाऊस गेलेला असतो. तोटा एकच, पण मोठा : सगळ्या उतारावर पसरलेला वाळका पाचोळा फेब्रुवारी ते मे एखाद्या ठिणगीची वाट बघत पडून राहतो. म्हणून शिवाराच्या कडेनं दोन मीटर रुंदीचा पट्टा जानेवारीतच साफ करतो. पांघरूण घालण्याचा एवढा उपदेश करून शेवटी कडेची जमीन स्वतःच्या हातानं उघडी करावी लागते. असो.

आगीवरून कर्नाटकातल्या सोलिगा लोकांची आठवण होते. बिळिगिरी रंगन टेकड्यांमधले हे आदिवासी सांगतात, की पूर्वी ते हिवाळ्याच्या अखेरीस जमिनीवरच्या पाचोळ्याला हलकी आग लावत. तिला ते 'तरगु बेंकी' म्हणतात, म्हणजे पाचोळ्याची आग. गुडघ्याच्या खाली राहणाऱ्या त्या आगीत घाणेरीची कोवळी रोपं जळत. १९७०च्या दशकात अभयारण्य झालं, आग लावणं बंद झालं, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंतरच घाणेरी बोकाळली. आता तीच घाणेरी एवढी दाट आहे की लागलेली आग हलकी राहत नाही, झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढते. म्हणजे पाचोळा जपायचा की जाळायचा, याचं एकच उत्तर सगळीकडे चालत नाही. कोकणात राब भाजणाऱ्या शेतकऱ्यालाही हे सांगावं लागणार नाही.

तसंच सड्यांचं. कासच्या पठारासारख्या जांभ्याच्या सड्यांवर बोटभर माती असते आणि तिथली फुलं, कीटकभक्षी वनस्पती त्या उपाशी मातीवरच पोसल्या आहेत. तिथं कुणी प्रेमानं पाचोळ्याचा थर घातला तर मातीत खत वाढेल आणि खतावर ताव मारणारी भलतीच झाडं येतील. सोलापूर-नगरकडची माळरानंही झाडं नसलेलं जंगल म्हणून सुधारायची गोष्ट नव्हे. ती माळरानंच आहेत. मेळघाटात पुनर्वसित गावांच्या सोडलेल्या शेतजमिनींवर कुरणं उभी केली, तीही तण काढून आणि गवताचं बी पेरून. आधी ही जमीन मुळात कसली होती, हे गावातल्या जुन्या माणसाला विचारावं. आमच्या तुकड्यावर आबांच्या लहानपणी ऐन, हिरडा, करवंदाच्या जाळ्या आणि मधेमधे गवत होतं. म्हणून आम्ही पाचोळ्याच्या वाटेनं गेलो.

काढलेल्या घाणेरीचं सगळंच पसरून संपत नाही. जाड, सरळ काठ्या शिजवून सोलल्या की वेतासारख्या वाकतात. कर्नाटक-तमिळनाडूतल्या आदिवासी कारागिरांनी त्यांच्या खुर्च्या, टोपल्या केल्या आणि पुढं तर खऱ्या मापाचे हत्ती. २०२१ साली लंडनच्या राजेशाही उद्यानांत असा घाणेरीच्या काठ्यांचा अख्खा कळप उभा होता. ज्या झुडपानं हत्तींचा चारा खाल्ला त्याचेच हत्ती. एका हत्तीला पुष्कळ घाणेरी लागते, पण निम्मा महाराष्ट्र भरेल एवढी घाणेरी संपवायला जगात तेवढी उद्यानं नाहीत.

आमच्या तुकड्याचं सांगायचं तर सात वर्षांत जेमतेम निम्मं काम झालं आहे. वरच्या अंगाला, जिथं करवंदाच्या दोन जाळ्या जेसीबीच्या तडाख्यातून वाचल्या होत्या, तिथून सुरुवात केली आणि खाली सरकत आलो. खालच्या टोकाला घाणेरी अजून उभी आहे. ती मुद्दामच ठेवली आहे, कारण तिच्यात लावे असतात, एक मुंगूस आहे, आणि करवंदं तिथपर्यंत पोचली नाहीत तोवर त्यांना दुसरं घर नाही. गेल्या पावसाळ्यात वरच्या भागातला पाचोळा हातानं उचलून पाहिला. वरची पानं कोरडी, ओळखू येणारी : ऐन, उंदीरमारी. खालची जाळीदार, फक्त शिरा उरलेल्या. त्याखाली पांढऱ्या बुरशीचे तंतू, चिवट, दोन पानांना शिवल्यासारखे. आणि मग काळी, भुसभुशीत, वास येणारी बोटभर माती. त्याच पावसात ओढा पाहायला गेलो तर पाणी गढूळ होतं, पण ते वरच्या कुणाच्या तरी नव्या प्लॉटिंगमधून येत होतं.

मधोमध एक जुनी बाभूळ आहे. बुलबुल अजून तिच्यावरच बसतात, खालच्या घाणेरीची फळं खाऊन. त्यामुळे बाभळीच्या सावलीत दरवर्षी घाणेरीची रोपं उगवतात. दर दसऱ्याला आबा आणि मी तिथं उकिडवे बसून ती खुरप्यानं काढतो आणि पाचोळा पुन्हा सारखा करतो. पहिल्या वर्षी मोजायचं सुचलं नव्हतं. गेल्या वर्षी चाळीस निघाली, यंदा तेवीस. चोविसावं आहे असं वाटून आबांनी एक उपटलं होतं, ते निर्गुडीचं निघालं. पुन्हा लावलं, बुडाशी पाचोळा घातला.